सेटकर

सकाळी सहाच्या बॅचला महापालिकेच्या तलावावर जी माणसं येतात, त्यांतली निम्मी पोहायला येत नाहीत. काही जण छातीइतक्या पाण्यात उभे राहून कालच्या मॅचचा निकाल लावतात. काहींना डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलेलं असतं. ते चालतात आणि चालता चालता डॉक्टरांचा उद्धार करतात. एक गृहस्थ नुसते शॉवरखाली उभे राहून घरी जातात, कारण त्यांच्या सोसायटीत पाणी सातला येतं. कॉलेजची दोन-चार पोरं सूर मारतात आणि लाइफगार्डच्या शिव्या खातात. उरलेले पोहतात. या सगळ्यांखेरीज एक गृहस्थ असे असतात, जे पोहत नाहीत. ते सेट मारतात.

पासवर त्यांचं आडनाव काहीही असो, तलावावर त्यांना सेटकर म्हणतात. हा माणूस एकाच तलावावर आहे असं समजू नका. पुण्यात आहे, ठाण्यात आहे, नाशकात आहे, कोल्हापुरात तर नक्कीच आहे. वय साठीच्या आगेमागे. नोकरी सरकारी. आमचे सेटकर पाटबंधारे खात्यातले, म्हणजे उभी हयात पाण्यात गेली, पण अंग कधी ओलं झालं नाही. सगळं पाणी फायलीतून वाहिलं. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि डॉक्टर म्हणाले, "जिना टाळा, पोहायला जा." दुसरा कुणी असता तर चड्डी आणि टोपी घेऊन पोहायला गेला असता. सेटकरांनी आधी विषयाचा अभ्यास केला.

त्यांची पिशवी उघडण्याचा कार्यक्रम बघण्यासारखा असतो. आधी किकबोर्ड निघतो. मग दोन मांड्यांच्या मधे धरायचा पुल बॉय. मग हातांना लावायची पॅडल्स, पायांतले फिन्स, नाकाची क्लिप, दोन गॉगल (एक उन्हाचा, एक ढगाळ हवेचा), कानातले बोळे आणि आवळा सुपारीची डबी. एवढ्या सामानात आमच्या शेजारचं कुटुंब चार दिवस महाबळेश्वरला राहून आलं. शेवटी निघतो कागद. वहीचं आखीव पान, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. सेटकर ओंजळीने भिंतीच्या फरशीवर पाणी मारतात आणि पिशवी तिथे थापतात. ओलं प्लास्टिक फरशीला घट्ट चिकटतं. कागदावर निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं :

वॉर्मअप : २००
ड्रिल : ४ × ५०
मुख्य सेट : ८ × ५०, श्वास ३-५-३-५, विश्रांती २० सेकंद
किक : ४ × २५
शेवट : १०० सावकाश
एकूण : १०००

खाली तारीख आणि सही. सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही, ही सवय नोकरीतली.

आकडे बघून बिचकायचं कारण नाही. आमचा तलाव पंचवीस मीटरचा. पन्नास म्हणजे जाऊन-येऊन. आठ वेळा जाऊन-येऊन करायचं आणि प्रत्येक वेळी वीस सेकंद थांबायचं, याला सेट म्हणतात. सलग चारशे मीटर का मारायचे नाहीत, असं मी एकदा विचारलं. सेटकर म्हणाले, "मारा की. पहिले पन्नास बरे जातील. मग दम लागेल, कोपर पडेल, पाय खाली जातील. पुढचे साडेतीनशे मीटर तुम्ही त्याच चुका गिरवाल. सराव चुकांचाही होतो, हे लक्षात ठेवा. थांबलात की शरीर सावरतं, पुढचे पन्नास पुन्हा नीट जातात. चांगले पन्नास आठ वेळा, हा त्यातला हिशेब."

हिशेब बिनतोड आहे. अडचण एकच. ते जे वीस सेकंद असतात ना, त्यात सेटकरांच्या हाताला भिंत लागते आणि भिंतीशी कुणी ना कुणी उभं असतं.

"काय हो, श्वास कधी घेता?"

"दम लागला की."

"आणि सोडता कधी?"

समोरचा विचारात पडतो. श्वास सोडण्याचा वेगळा विचार त्याने जन्मापासून केलेला नसतो.

"तोंड वर काढल्यावर सोडता! तिथेच गफलत आहे. तोंड पाण्याबाहेर किती वेळ असतं? अर्धा सेकंद, फार तर एक. तेवढ्यात सोडणार कधी आणि घेणार कधी? मग अर्धाच सोडता, अर्धाच घेता, आणि दोन फेऱ्यांत धाप लागली म्हणून वयाला दोष देता. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडत राहायचं, नाकातूनही आणि तोंडातूनही. वर आलं की फक्त घ्यायचं. बघा, असं."

मग ते पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढतात. मग समोरच्याला काढायला लावतात. मग डोकं वर उचललं की पाय का बुडतात, याचं विवेचन होतं. मग पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट दाट आहे, त्यामुळे जोर वाढवण्यापेक्षा अडथळा कमी करणं कसं फायद्याचं, हे येतं. "पाण्याशी कुस्ती खेळलात तर कोण हरेल?" समोरचा नम्रपणे म्हणतो, "मी." मग मान कशी वळवायची : मान एकटी नाही, अख्खं अंग कुशीवर वळलं पाहिजे, एक गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे, डोकं पुढे जाताना गालाशेजारी पाण्याची पातळी जराशी खाली जाते, तिथे निसर्गाने तोंडापुरती जागा ठेवलेली आहे, ती सोडून आपण उगाच आकाश बघतो. एव्हाना वीस सेकंदांची सहा मिनिटं झालेली असतात. बॅच पंचेचाळीस मिनिटांची. त्यामुळे आठ गुणिले पन्नासमधले तीन होतात, पाच उद्याच्या कागदावर पुढे ओढले जातात. जुनी थकबाकी निघता निघत नाही.

सिद्धान्त इतका पक्का असल्यावर प्रत्यक्ष पोहणं कसं असेल, ही उत्सुकता साहजिक आहे. श्वासाचा सेट बघा. पहिली फेरी, तीन हातांनंतर श्वास. सेटकर भिंतीला पाय लावून निघतात. एक, दोन, तीन, मान उजवीकडे. नियमाप्रमाणे एक गॉगल पाण्यात हवा. प्रत्यक्षात दोन्ही गॉगल, हनुवटी, खांदा आणि छातीवरचे पांढरे केस एवढा ऐवज वर येतो, सेटकर आकाश बघून घेतात आणि पुन्हा आत जातात. एक, दोन, तीन, मान डावीकडे. डावी बाजू त्यांची जन्माची वैरीण. इथे हवेऐवजी पाणी आत जातं. ते ठसकत नाहीत; तसेच पुढे जातात, फक्त रंग बदलतो. दुसऱ्या फेरीत पाच हात. चौथ्या हाताला पायांचा आवाज वाढतो, पाचव्याला ते इतक्या तातडीने वर येतात की शेजारच्या लेनमधला माणूस दोरी सोडून बाजूला होतो. भिंतीला हात लागल्यावर घड्याळ बघून, धापा टाकत ते मला म्हणतात, "डोकं... खाली... ठेवायचं."

ड्रिल हा आणखी वेगळा प्रकार. मुठी मिटून पोहायचं, म्हणजे तळहाताचा आधार जातो आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पाणी मागे ढकलायला शिकतो. कल्पना उत्तम. पण मुठी आवळून, गॉगल लावून, थेट आपल्या दिशेने येणारे सेटकर बघून एका नवख्या माणसाने लेन सोडली ती कायमची. कुशीवर पडून पाय मारायचा ड्रिल तर गाजलाच. एक हात पुढे ताणलेला, दुसरा मांडीशी, तोंड अर्धं वर, पुढे सरकण्याचा वेग जवळपास शून्य. नवीन आलेल्या लाइफगार्डने हे दृश्य पाहिलं आणि लांब बांबू त्यांच्या पुढ्यात टाकला. सेटकर धरेनात. त्याने बांबूने पोटाशी ढोसलं. "अहो, ड्रिल आहे, ड्रिल!" असं ओरडायला सेटकरांनी तोंड उघडलं, त्याबरोबर आत पाणी गेलं आणि मग तो बांबू त्यांना खरंच धरावा लागला. काठावर बसून त्यांनी त्या मुलाला कुशीवरच्या ड्रिलचं महत्त्व सांगितलं. तो मुलगा आता त्यांची वेळ बघून पलीकडच्या टोकाला जाऊन बसतो.

सेटकरांचे खरे प्रतिस्पर्धी म्हणजे आबा. आबा मूळचे वाळवा तालुक्यातले, पोहायला शिकले विहिरीत. पाठीला डबा बांधला आणि चुलत्याने वरून ढकलून दिलं, एवढंच त्यांचं प्रशिक्षण. दुसऱ्या उन्हाळ्यात डबा सुटला. आबा डोकं वर ठेवून पोहतात, पोहता पोहता बोलतात, आणि त्यांना दम लागलेला कुणी पाहिलेला नाही. हे सगळं शास्त्राच्या विरुद्ध असल्यामुळे सेटकरांना त्यांच्याकडे बघवत नाही.

"आबा, तुमचं डोकं वर राहतं. त्याने पाय बुडतात."

"बुडंनात. माझंच पाय हायत."

"पण डोकं आत घालायला काय हरकत आहे?"

"आवो, हिरीत डोस्कं आत घालून कसं चालंल? वरनं मुटका मारणारं पोरगं दिसायला नको?"

यावर सेटकरांना उत्तर सुचलं नाही. विहिरीत पोहणारा माणूस डोकं वर का ठेवतो, हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात आलेलं नव्हतं. तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. पंचवीस मीटरला आबांचे हात मोजले आणि काठावरून जाहीर केलं, "एक्केचाळीस!" आबा म्हणाले, "मोजत बसलो असतो तर उसाला पानी कुनी पाजलं असतं?"

सेटकरांना इतिहासही पाठ आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक डॉक काउन्सिलमन हे त्यांचं दैवत. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं जिंकणारा मार्क स्पिट्झ त्यांच्या हाताखालचा. ठरावीक हातांनंतरच श्वास घ्यायचे सेट सत्तरच्या दशकात लोकप्रिय केले तेही त्यांनीच. पण सेटकरांना भावलेली गोष्ट वेगळी आहे. १९७९ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, काउन्सिलमन इंग्लिश खाडी पोहून गेले. "अठ्ठावन्नाव्या वर्षी!" सेटकर भिंतीवर हात आपटून सांगतात. "आम्हाला त्या वयात काय मिळालं? नारळ आणि शाल." कुणी गुडघेदुखीची सबब सांगितली की ते मुरलीकांत पेटकरांचं नाव काढतात. १९६५च्या युद्धात गोळ्या झेललेला माणूस १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहून सुवर्णपदक घेऊन येतो आणि तुम्हाला सकाळी उठवत नाही! पेटकर सांगलीकडचे म्हटल्यावर मात्र आबा लांबून हाक देतात, "आमच्याच पेठंचं ते!" आणि गुण त्यांच्या खात्यात जमा होतो.

दुरुस्तीसाठी तलाव बंद असतो तेव्हा सेटकर काय करतात, हे सेटकरकाकूंकडून मंडईत कळलं. न्हाणीघरात बादली भरून तिच्यात तोंड घालून बसतात. तोंड आत, सावकाश बुडबुडे, वर, झटकन श्वास, पुन्हा आत. असे वीस-वीसचे चार सेट. काकू म्हणाल्या, "परवा सिलिंडरवाला आला. म्हणाला, साहेबांची सही हवी. आता मी त्याला काय सांगू, साहेब बादलीत आहेत म्हणून?" जेवणघरातल्या स्टुलावर पालथं पडून हातांचा सरावही चालतो. काकू कणीक मळता मळता कोपर पडलं की सांगतात. ओल्या कणकेचा हात लावून एकदा त्यांनी कोपर वरही करून दिलं. "चाळीस वर्षं पालथी घागर म्हणत आलेय, आता शब्दशः पालथे पडलेत," हेही त्यांनी सांगितलं, पण तक्रारीच्या सुरात नाही. गुडघे आता कुरकुरत नाहीत, रात्री झोप लागते आणि बादलीत असेपर्यंत माणूस बोलत नाही, असे तीन फायदे त्यांनी बोटांवर मोजले.

इथवर सेटकर म्हणजे निव्वळ करमणूक, असं कुणालाही वाटेल. आम्हालाही तसंच वाटायचं. मग एके सकाळी कॉलेजच्या पोरांची पैज लागली : एका श्वासात, पाण्याखालून, अख्खे पंचवीस मीटर. एकजण भिंतीशी उभा राहून भराभर मोठे श्वास घेऊ लागला. फुस् फुस् फुस् फुस्. बाकीचे मोजत होते. सेटकर पॅडल्ससकट दोरीखालून पलीकडे गेले आणि त्यांनी त्या पोराचा दंड धरला.

"थांब. चक्कर येतेय ना थोडी? बोटांना मुंग्या येताहेत?"

पोरगा म्हणाला, "हो, पण त्याने दम वाढतो."

"दम नाही वाढत. श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. भराभर श्वास घेऊन तू तोच हाकलून दिलास. ऑक्सिजन होता तेवढाच आहे. आता पाण्याखाली ऑक्सिजन संपत येईल आणि तुला श्वास घ्यावासा वाटणारच नाही. तडफड नाही, हातपाय मारणं नाही. सरळ शुद्ध जाईल, आणि वरून बघणाऱ्यांना वाटेल, पोरगा बुडी मारून बसलाय."

हे सगळं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. अभिनय नाही, आकाशाकडे बोट नाही. लाइफगार्ड उठून जवळ आला आणि पैज तिथेच मोडली. मग सेटकर मूळपदावर आले. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये डेव्हिड बर्कॉफ नावाचा अमेरिकन शंभर मीटर बॅकस्ट्रोकमध्ये पहिल्या लांबीचा बहुतेक भाग पाण्याखालून गेला, सुवर्ण मात्र जपानच्या दाइची सुझुकीने नेलं, तोही पाण्याखालून जाणारा. मग जागतिक संघटनेने पाण्याखालच्या अंतरावर मर्यादा घातली, आज ती पंधरा मीटरची आहे, हे त्यांनी पोरांना ऐकवलं. "ऑलिंपिकवाल्यांना पंधरा पुरतात, तुम्हाला पंचवीस कशाला?" आणि लगेच सहा गुणिले पन्नासचा सेट लिहून दिला. तीन हातांनी श्वास, घाई नाही, डोकं जड वाटलं की मोजणं सोडून श्वास घ्यायचा, आणि एकाने पोहायचं तेव्हा दुसऱ्याने काठावरून बघायचं. खाली सही. त्या पोरांतले दोघं आता तो सेट नियमित मारतात. सेटकर त्यांना "माझे विद्यार्थी" म्हणतात. ते दोघं ते ऐकून घेतात.

खुद्द सेटकरांचं काय झालं? त्यांच्या वहीत रोज एक आकडा असतो : पंचवीस मीटरला किती हात लागले. पहिल्या पानावर चौतीस आहे. मग बरेच दिवस चौतीस, तेहतीस, पुन्हा चौतीस. मग कुठेतरी एकतीस. वर्षभराने पंचवीस. आणि वेळ वाढलेला नाही, उलट कमी झालाय, हे ते शेजारचा रकाना दाखवून आवर्जून सांगतात. कारण रेंगाळत सरकूनही हात कमी करता येतात आणि ती चोरी त्यांना मान्य नाही. आकड्यांवर आबांचा विश्वास नाही. पण आबाच एक दिवस काठावर बसून म्हणाले, "ह्यो मानूस आता आवाज करंना झालाय." पोहण्यातलं इतकं मोठं प्रशस्तिपत्र मी दुसरं ऐकलेलं नाही. खळखळाट कमी झाला याचा अर्थ जोर पाणी उडवण्यात न जाता पुढे जाण्यात लागू लागला. सेटकरांची मान वळते तेव्हा आता छातीवरचे केस दिसत नाहीत. एक गॉगल पाण्यात असतो. डाव्या बाजूशीही बऱ्यापैकी समेट झालाय.

मागच्या आठवड्यात आबाही भिंतीआड, कुणाचं लक्ष नाही असं बघून, पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढताना दिसले. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. "गार वाटतंय तोंडाला," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "त्यास्नी सांगू नगा."

सेटकरांचा पुढचा बेत मालवणचा आहे. चिवला किनाऱ्यावर दरवर्षी समुद्रातल्या पोहण्याची स्पर्धा होते, तिचा अर्ज त्यांनी दोनदा आणला आणि दोनदा पिशवीतच ठेवला. दमाची अडचण नाही, असं ते म्हणतात. पण समुद्रात भिंत नाही. म्हणजे थांबायचं कुठे आणि सांगायचं कुणाला?

त्या तलावावर इतकी वर्षं येणाऱ्यांपैकी पोहणं खरोखर सुधारलं ते एकट्या सेटकरांचं. आम्ही बाकीचे जसे आलो तसेच पोहतो. रोज पोहतो, पण मोजत नाही, आणि चुकलेलं दुसऱ्याला दिसेल म्हणून ड्रिलही करत नाही. सेटकरांना हसं होण्याची भीती नव्हती, हेच त्यांचं सगळ्यात मोठं साधन. ते पिशवीत मावत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

तुमच्या तलावावरही एक सेटकर असणारच. घाईत असाल तर त्यांच्या लेनमध्ये उतरू नका. उतरलातच तर दोन गोष्टी पदरात पाडून घ्या : तोंड पाण्यात असेतोवर श्वास सोडत राहा, आणि दम रोखायचा सराव कधीही एकट्याने करू नका. बाकीचं लक्षात नाही राहिलं तरी चालेल. ते उद्या पुन्हा सांगतील.